ओम्नीचं तेल: साखळी ते चोर्ला, मे ते ऑक्टोबर २०२४

गाडी: मारुती ओम्नी, २००६ची, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन). मीटरवर १,३८,०००च्या पुढे. काम: घर ते दुकान तीन किलोमीटर, तेवढंच परत. शुक्रवारी म्हापशाचा बाजार. भजनी मंडळाचं बोलावणं आलं की आठ माणसं, दोन पखवाज, पेटी आणि टाळांची पिशवी. गोव्याच्या हवेला कुठल्या नंबरचं तेल घालावं, हे मी सहा महिन्यांत पाच जणांना विचारलं आणि सहा उत्तरं मिळाली. म्हणून ही वही. मी मेकॅनिक नाही, दुकानदार आहे. चुका त्या मानाने वाचाव्यात.

४ मे, शनिवार

पणजीहून येताना पर्वरीला वाहतुकीत पाऊण तास अडकलो. अंगातून पाण्याच्या धारा, वर सीटखाली इंजिन. ओम्नीत बसलेल्याला हे सांगायला नको, तव्यावर बसल्यासारखं होतं. तिथे गाडी न्यूट्रलला असताना तेलाच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. पाय थोडा दाबला की जायचा, सोडला की परत. गाडी बाजूला घेऊन बंद करायला हवी होती. मी तशीच पुढे रेटली, डिचोलीपर्यंत चारदा दिवा पाहिला. ही पहिली चूक. महाग पडली नाही ते माझं नशीब.

५ मे

सकाळी थंड इंजिनावर डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली. अर्धा लिटर घातलं तेव्हा खुणेत आलं.

मग जानेवारी आठवला. तेव्हा ५डब्ल्यू-३० हे पातळ सिंथेटिक घातलं होतं, १,९०० रुपयांचं. का? डब्यावर इंधन बचत लिहिलं होतं आणि भाच्याच्या नव्या गाडीत तेच असतं. त्याच्या गाडीचं इंजिन दोन वर्षांचं, माझं अठरा वर्षांचं, हा हिशेब दुकानात डोक्यात आला नाही. तेव्हापासून गाडी १,९०० किलोमीटर धावली आणि अर्ध्या लिटरहून जास्त तेल गायब झालं. खाली अंगणात डाग नाही, म्हणजे जळालं.

तेल घातल्यावर दोन दिवस दिवा नाही. तिसऱ्या दिवशी दुकानासमोर पुन्हा लुकलुकला.

८ मे

काल मतदान, मेस्त (आमचा मेकॅनिक) गावी. आज भेटला. बॉनेट नसलेली गाडी, म्हणून सीट उचलून त्याने आवाज ऐकला, डिपस्टिकवरचं तेल दोन बोटांत चोळलं आणि म्हणाला, "गाडी पोरनी जाल्या, दाट तेल घाल." म्हणजे गाडी जुनी झाली, २०डब्ल्यू-५० घाल. त्याचं म्हणणं, मे महिन्यात पातळ तेल पाण्यासारखं होतं. मला पटलं. बाहेर ३४ अंश, दमट हवा, कुणाला पटणार नाही?

११ मे

तेल मीच बदललं. २०डब्ल्यू-५० तीन लिटर १,०५० रुपये, फिल्टर ११० रुपये.

पहिला खोळंबा: इंजिन थंड असताना तेल सोडायचा तळचा बोल्ट काढला. तेल धार न धरता थेंबथेंब गळत बसलं, वीस मिनिटं गेली. दहा मिनिटं गाडी फिरवून आणली असती तर पाच मिनिटांत रिकामं झालं असतं आणि तळचा गाळही आला असता.

दुसरी चूक खरी मोठी. जुना फिल्टर हाताने फिरवून काढला, नव्याच्या रबरी कड्याला तेल लावलं, बसवला, तेल ओतलं, चावी फिरवली. सात-आठ सेकंदांत गाडीखालून पचकन आवाज आणि लाल मातीवर काळं तळं. झटकन बंद केली. झालं होतं असं, की जुन्या फिल्टरचं रबरी कडं इंजिनालाच चिकटून राहिलेलं आणि मी त्यावर दुसरं कडं दाबलं. दोन कड्यांत दाब आला की वरचं सरकतं. फिल्टर काढलात की तो उलटा करून बघा, कडं त्याच्यासोबत आलं आहे का. नसेल तर ते वर आहे. मग कापडाने ती जागा पुसा आणि बोट फिरवा.

सव्वा लिटर तेल गेलं. आणखी दोन लिटर आणलं, ७६० रुपये, दुकान बंद होता होता. सांडलेल्यावर भाताचा तूस टाकला, सगळं खरवडून पिशवीत भरलं. पाऊस लागला की अंगणातलं सगळं ओहळाने वाळवंटी नदीत जातं, म्हणून हे काम तिथल्या तिथे. जुनं तेल मेस्ताच्या पिंपात.

१२ मे

सकाळी पहिला स्टार्ट. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या भागांचा) टकटक आवाज चार सेकंद राहिला. आधी दोनच्या आत थांबायचा. हे फोनवर रेकॉर्ड करून मोजलं आहे, अंदाजाने नाही. पण दिवा बंद! त्या आनंदात आवाजाकडे दुर्लक्ष केलं.

२५ मे

बेळगावला भजन. साखळी, केरी, चोर्ला घाट, आठ माणसं. दुसऱ्या गिअरमध्ये चढ, काच उघडी, तापमानाचा काटा मधोमध. वर पोचून गाडी चालू ठेवून पाच मिनिटं थांबलो, मुद्दाम. दिवा नाही. सगळ्यांना सांगून टाकलं, गोव्यात ५०च लागतं. मंडळातल्या दोघांनी आपल्या गाड्यांना घातलंही. त्यांची माफी पुढे.

२१ जून, शुक्रवार

म्हापशाच्या बाजाराबाहेर धो धो पाऊस, गाडी चालू, दिवा लुकलुकतोय. बाहेर २६ अंश. दाट तेल. पातळी वरच्या खुणेला. म्हणजे मेस्ताचं, माझं आणि मे महिन्याचं सगळं तर्कशास्त्र त्या पावसात वाहून गेलं.

या वेळी मात्र लगेच इंजिन बंद केलं. पाच मिनिटांनी चालू केलं, दिवा नाही.

२३ जून

हे मेमध्येच करायला हवं होतं. दाब मोजायचं घड्याळ आणलं, ७५० रुपये, रबरी नळीसकट. फिल्टरजवळचा तेलाच्या दिव्याचा स्विच काढायचा आणि त्या भोकात नळी बसवायची. पाऊण तास गेला, त्यातला अर्धा तास हात कुठून घालायचा यातच.

ओम्नीला आरपीएमचा काटा नाही. म्हणून दोनच जागी मोजलं: न्यूट्रलला, आणि चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला इंजिनाचा जो आवाज असतो तेवढा आवाज होईपर्यंत पाय दाबून. ढोबळ आहे, पण दोन तेलांची तुलना करायला पुरतं. २०डब्ल्यू-५० वर: थंड स्टार्टला ७५ पीएसआय (दाबाचं माप), गरम न्यूट्रलला १९, पाय दाबून ५४. दाब पाच-सात पीएसआयच्या आसपास खाली गेल्याशिवाय स्विच दिवा लावत नाही. एकोणीस म्हणजे दाब ठणठणीत.

मग दिवा का? स्विच काढल्यावर वायर हातात आली. इंजिनाला घासून तिचं आवरण एका जागी उडालेलं, आत तांब्यावर हिरवा गंज. हा स्विच दाब नसला की वायर इंजिनाच्या धातूला जोडतो आणि दिवा लागतो. म्हणजे ती उघडी तार नुसती इंजिनाला टेकली तरी दिवा लागणार. तीन सिलिंडरचं इंजिन न्यूट्रलला थरथरतं तेव्हा ती टेकायची, पाय दाबला की थरथर कमी, तार सुटायची. हे आम्ही "गरम होऊन तेल पातळ झालं" असं वाचत होतो. आणि ११ मेला दिवा का गेला? फिल्टर काढताना माझा हात वायरला लागला आणि ती बाजूला सरकली. ५० नंबरच्या तेलाने काही केलं नव्हतं.

वायरला नवं टोक, वर उष्णता सोसणारी नळी, ४० रुपये. मंडळातल्या दोघांना फोन केला. एक हसला, एक अजून नीट बोलत नाही.

३० जून

जुना स्विच बुडाशी थोडा तेलकट होता म्हणून नवा आणला, १६० रुपये. गळू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप चांगली पाच-सहा वेढे गुंडाळली आणि घट्ट बसवला. चावी फिरवली, इंजिन चालू न करता. दिवाच लागेना.

हा स्विच आपल्या आट्यांमधूनच इंजिनाशी जोडला जातो. टेपने तो मार्ग बंद केला. म्हणजे उद्या खरोखर दाब गेला असता तरी दिवा लागला नसता. काढला, टेप खरवडली, पुढच्या दोन आट्या मोकळ्या ठेवून मागे एकच वेढा दिला. दिवा आला. चावीच्या पहिल्या टप्प्यावर दिवा लागतो का, हे आता रोज बघतो.

१४ जुलै

तीन आठवडे पाऊस थांबलेला नाही. पणजीत वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पडतो, आमच्या सत्तरी तालुक्याकडे त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेल घालायचं झाकण उघडलं तर आत दह्यासारखा पिवळट साका. पोटात गोळा आला. हेड गॅस्केट (रेडिएटरचं पाणी तेलात जाऊ न देणारं इंजिनातलं पॅकिंग) गेलं असं सगळे सांगतात.

घाबरून गॅरेज गाठण्याआधी तीन गोष्टी बघितल्या. रेडिएटरचं पाणी कमी झालेलं नाही. त्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही. डिपस्टिकवरचं तेल काळं, स्वच्छ, पांढरट छटा नाही. साका फक्त झाकणाला आणि त्याच्या तोंडाशी.

१५ जुलै

घरातला टाकाऊ लोखंडी तवा बाहेर पडवीत गॅसवर तापवला, पाण्याचा थेंब नाचून उडेल इतका. मग गॅस बंद केला आणि ड्रॉपरने तेलाचे दोन थेंब सोडले. तेलात पाणी असलं की तडतडतं. झाकणाचा साका फोडणीतल्या मोहरीसारखा उडाला. डिपस्टिकवरच्या तेलाने दोन बारीक बुडबुडे दिले आणि गप्प. हे घरात करू नका, गॅस बंद केल्याशिवाय करू नका, आणि चांगल्या तव्यावर तर नकोच. माझा टाकाऊ तवा टाकाऊ नव्हता, हे संध्याकाळी कळलं.

तर कारण हवा आणि माझं तीन किलोमीटर. घर ते दुकान इतक्यात रेडिएटरचं पाणी जेमतेम तापतं, तेल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. जळालेल्या पेट्रोलची वाफ आत जमते, बाहेरच्या ओलसर हवेची तिला भर, आणि थंड झाकणावर पाणी होऊन बसते. तेल पुरतं तापलं की ती वाफ उडून जाते, पण माझं इंजिन आठवड्याचे सहा दिवस पुरतं तापतच नाही. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल जातं, त्यातलं थोडं तेलात उतरतं, त्याने तेल पातळ होतं. मेपेक्षा जुलै माझ्या तेलाला वाईट, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

झाकण पुसलं. आठवड्यातून दोनदा दुकानातून सरळ घरी न येता केरीपर्यंत जाऊन यायचं ठरवलं, तीस-पस्तीस मिनिटं सलग. पेट्रोल जातं. जाऊ दे.

४ ऑगस्ट

चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) तेल बदललं. तीन महिन्यांतलं दुसरं, उधळपट्टी मान्य. कारणं दोन: त्यात पाणी-पेट्रोल गेलेलं, आणि ५० नंबरची गरज नव्हती हे आता आकड्यांनी दिसलं. गाडीची पुस्तिका पहिल्यांदा नीट उघडली. आमच्या तापमानाच्या रांगेत २०डब्ल्यू-४० बसतं. पुस्तिका कुठे होती? सीटच्या मागे, टाळांच्या पिशवीखाली, अठरा वर्षं.

डब्यावरच्या आकड्यांचं मला समजलं ते एवढं. डब्ल्यूचा आकडा थंडीचा. २०डब्ल्यूची थंड स्टार्टची चाचणी उणे १५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. आमच्याकडे जानेवारीची पहाट वाळपईकडे फार तर पंधरा-सोळा अंशांवर उतरते, तेही उणे नव्हे. तेव्हा ५डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजायचं माझ्या गाडीला कारण नाही. दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा: ३० नंबर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप), ४० नंबर १२.५ ते १६.३, ५० नंबर १६.३ ते २१.९. इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट पाणी ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान राखतो, बाहेर मे असो की जानेवारी. म्हणून "गोवा गरम आहे, दाट घाल" हे पाण्याने थंड होणाऱ्या गाडीला फारसं लागू नाही. वाऱ्यावर थंड होणाऱ्या बुलेटची गोष्ट वेगळी, पर्वरीच्या रांगेत तिच्या तेलाचं काय होत असेल ते तिच्या मालकाने आपल्या पुस्तिकेत बघावं.

पण डब्ल्यूला अगदीच मोडीत काढू नका. सकाळी तेल शंभरावर नसतं, पंचविसावर असतं. ४० अंशांवरच ५डब्ल्यू-३० साधारण ६०-७० सेंटिस्टोक असतं तर २०डब्ल्यू-५० दीडशेच्या वर. ते इंजिनाच्या वरच्या भागात, रॉकरपर्यंत, चढायला वेळ घेतं, आणि तो वेळ मला १२ मेला चार सेकंदांच्या टकटकीत ऐकू आला होता. रोज दोनदा थंड स्टार्ट करणाऱ्या माझ्यासारख्याला ते चार सेकंद महत्त्वाचे.

२०डब्ल्यू-४० मिनरल, तीन लिटर ९८० रुपये, फिल्टर ११०. गरम इंजिनावर बोल्ट उघडला, रबरी कडं मोजून एक, टेप नाही. सगळं चाळीस मिनिटांत. डब्यात जवळजवळ पाव लिटर उरलं.

घड्याळ पुन्हा लावून: थंड ६६, गरम न्यूट्रलला १५, पाय दाबून ४८. टकटक दोन सेकंद. ५डब्ल्यू-३० चे आकडे माझ्याकडे नाहीत, कारण तेव्हा घड्याळच नव्हतं. ते असते तर ही वही बरीच छोटी झाली असती.

उरलेलं पाव लिटर मुलगा आपल्या बाईकमध्ये ओतायला निघाला होता. थांबवला. बाईकचा क्लच तेलातच बुडालेला असतो, गाडीच्या काही तेलांत घसरण वाढवणारी द्रव्यं असतात, क्लच घसरायला लागतो. बाईकच्या डब्यावर जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं बघून घ्यायचं.

१६ सप्टेंबर

७ तारखेला चवथ झाली. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणायला डिचोलीच्या बाजारात दोन फेऱ्या, मग रोज रात्री कुणा ना कुणाकडे भजन. गाडी एकदम कामाला लागली. पाच दिवसांत झाकण आतून कोरडं. घाटातही एकदा जाऊन आलो. त्या फेरीला स्विचच्या जागी घड्याळ लावूनच ठेवलं होतं, वर न्यूट्रलला १४ दाखवलं. मेमध्ये ५० नंबर घालून मी याच जागी पाठ थोपटून घेत होतो.

पेट्रोल किती वाचलं असं भावोजींनी विचारलं. टाकी ते टाकी दोनदा मोजलं, फरक वाहतुकीनेच इतका पडतो की तेलाचा वेगळा काढता आला नाही.

२० ऑक्टोबर

४ ऑगस्टपासून १,६२० किलोमीटर. डिपस्टिक वरच्या खुणेपासून किंचित खाली. लहान मापाने घालून बघितलं, १५० मिली लागलं. ५डब्ल्यू-३० वर १,९०० किलोमीटरला अर्ध्या लिटरहून जास्त गेलं होतं. २०डब्ल्यू-५० वर जवळजवळ काहीच नाही. तेलाच्या नंबरचा माझ्या गाडीवर जो खरा परिणाम दिसला तो हा, पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून वर जाणारं तेल. दिव्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

एकूण खर्च, जानेवारीचं १,९०० धरून: ५,८६० रुपये. चाळीस रुपयांच्या वायरीसाठी.

पुढचं तेल किलोमीटरवर नाही, महिन्यावर: फेब्रुवारीत, आणि मग पुन्हा चवथीआधी. झाकणावर पांढरी पट्टी चिकटवून तारीख लिहिली आहे. मेस्ताने परवा ती वाचली, २०डब्ल्यू-४० बघून मान हलवली आणि विचारलं, घड्याळ दोन दिवस देशील का. दिलं. अजून परत आलेलं नाही.